मर्लच्या पुंगळ्या

मर्ल गेल्यानंतर मोंटानात एल्क हरणांच्या शिकारीचा हा पहिलाच हंगाम. हिवाळ्यासाठी मांस कुणाकडे मागायचं नाही, आपली शिकार आपणच करायची, असं त्याच्या बायकोने, ओपलने, ठरवलं होतं. मर्ल चाळीस वर्षं गॅरेजमध्ये दार लावून टेबलाशी बसायचा आणि वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून, मापात आणून, घरीच काडतुसं बनवायचा. त्याच टेबलाशी आता तीही बसली.

तेल कमी लावलं की पुंगळी साच्यात रुतून बसे. जास्त लावलं की पुंगळीच्या निमुळत्या खांद्याला पोचे पडत. जी धड निघाली, ती रायफलीत घातल्यावर मागचा बोल्ट, म्हणजे नळी बंद करायचा दांडा, सरकून बसेना. तीन दिवस हेच चाललं. वीस पुंगळ्या वाया गेल्या, अंगठा सुजला, आणि शेवटी तिने मेलेल्या नवऱ्यालाच चार शिव्या हासडल्या.

चौथ्या दिवशी ती तणतणत गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेली आणि दुकानदार वर्नपुढे पुंगळ्यांची पिशवी आपटली.

"वर्न, तू त्याचा जिवाभावाचा दोस्त. मर्लला हे कसं जमायचं, ते सांग एकदाचं! मला वेड लागायची पाळी आलीय."

वर्नने पोचे पडलेल्या पुंगळ्या उलटसुलट करून पाहिल्या. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"ओपल, आता तो नाही, म्हणून सांगतो..."

 

"त्याला कधीच जमलं नाही गं. दर हंगामाला माझ्याकडून तयार काडतुसं न्यायचा आणि घरी जुन्या डब्यात भरून ठेवायचा."