उजवी कळी

यशराज कळ्या घेऊन गाभाऱ्यात शिरला. देवीच्या काळ्या दगडी मूर्तीवर त्यानं पाणी शिंपडलं. तगरीची एक कळी उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्या. मग मागं सरकून हात जोडले.

कोडोलीच्या माळावरचं हे लहानसं देऊळ. यशराजच्या घरात चार पिढ्यांची गुरवकी. बोअरला पाणी लागेल का, पोरगी कुठं द्यावी, चुकलेली म्हैस कुठल्या अंगाला गेली, गाव सगळं या देवीलाच विचारायचं. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिच्या कौलाबाहेर आजवर कुणी गेलं नव्हतं, आणि गेलं असलं तरी कबूल केलं नव्हतं.

आजचा प्रश्न गुरवाच्याच घरचा होता. बिद्रीच्या संयोगिताचं स्थळ आलं होतं. पावणे सुपारी फोडायला येणार, त्याच्या आठ दिवस आधी यशराजनं आईबापाला समोर बसवून सांगून टाकलं, की मला बाईशी संसार जमायचा नाही, माझा जीव पृथ्वीराजवर आहे. पृथ्वीराज म्हणजे दुधाची गाडी चालवणारा. चार वर्षं या घरात चहाला येणारा, यशराजच्या आईच्या, बायडाबाईच्या, हातचं पिठलं मागून खाणारा. बायडाबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. बाप आकाराम मात्र ओरडला नाही. मी ठरवत नाही आणि तूही ठरवू नकोस, येत्या मंगळवारी आपण देवीलाच विचारू, एवढंच तो पोराला म्हणाला.

यशराजला धीर आला. असलं पाप देवाला खपत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, त्यांना देव यात्रेपुरता भेटतो. यशराज रोज सकाळी देवीला अंघोळ घालायचा, लुगडं नेसवायचा, मनातलं सगळं तिच्या कानावर घालायचा. पृथ्वीराजचं नाव तर तिनं सगळ्यात आधी ऐकलं होतं. तिनं कधी यशराजचा हात झिडकारला नव्हता.

पृथ्वीराजला एवढा भरवसा नव्हता. डाव्या कळीला पाणी कमी लाव, आपोआप पडेल, हात तर तुझाच आहे, असं तो परोपरीनं सांगून दमला.

"तिलाच फसवलं तर तुझ्याशी तरी खरा ऱ्हाईन व्हय मी?" यशराज म्हणाला.

खरं तर कौल आकारामनं लावायचा. पण त्यानं मुलालाच पुढं केलं. नंतर म्हणशील बापानं काहीतरी केलं, म्हणाला. डाव्या खांद्यावर दोन-चार मुंग्या फिरत होत्या. कुणी पेढा टेकवला असेल, म्हणून यशराजनं फुंकर मारून त्या उडवल्या होत्या आणि तिथंच कळी लावली होती.

"आई, पोराचं लगीन करायचं असलं तर उजवी दे," आकारामनं मोठ्यानं मागणं घातलं.

अर्धा तास गेला. मग उजवी कळी घसरली, देवीच्या मांडीवर जराशी थांबली आणि खाली पडली. डावी जागची हलली नाही.

यशराजनं कळी उचलून कपाळाला लावली. संध्याकाळी पृथ्वीराजला सांगितलं. पृथ्वीराजनं त्याला वेड्यात काढलं, मग हातापाया पडला, आणि महिन्याभरात हैदराबादच्या ट्रकवर निघून गेला. नंबरही बदलला. तो गेल्याचं दुःख होतंच. पण देवीलाही आपण असे नको होतो, हे यशराजला जास्त लागलं. त्या दिवसापासून तो तिला अंघोळ घालायचा, पण बोलायचा नाही.

लग्न झालं. वर्ष गेलं. संयोगिता गुणाची पोरगी. यशराज तिच्याशी घरी आलेल्या पावण्यांशी वागावं तसा अदबीनं वागायचा. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आणि ते घरात सगळ्यांना ऐकू यायचं. आकाराम अशा वेळी उठून बाहेर जायचा. त्यानं लग्नापासून देवळाची पायरी चढणं सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणायचा, आणि रोज ओढ्यापर्यंत चालून यायचा.

शेवटी बायडाबाईनं हट्ट धरला. नातवंडासाठी कौल लावा म्हणाली, आणि सुनेला, नवऱ्याला, सगळ्यांना देवळात घेऊन आली. सासूसुना प्रदक्षिणेला गेल्या. यशराजनं कळ्या बापापुढं धरल्या. या बारीला तुम्ही लावा, माझ्याच संसाराचं मी कसं विचारू, म्हणाला.

आकाराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "माझा हात न्हाई चालायचा तिला. त्या मंगळवारी डाव्या खांद्यावर मी काकवी लावलती."

यशराजला त्या मुंग्या आठवल्या. तो गाभाऱ्याच्या भिंतीला टेकून खाली बसला. तिथूनच त्यानं विचारलं. "कशाला, आबा? तिनं आपणहून उजवी दिली असती की."

आकारामनं देवळाकडं पाठ फिरवली.

"त्याआदी तीन दिस मी एकट्यानं येऊन इचारलं तिला. तिन्ही येळा तिनं डावीच दिली."