वरच्या फांदीची पानं

"खालची पानं संपली, बाबा," ती म्हणाली. "आज डॉक्टरांनाच बोलावते."

"डॉक्टर नको!" खाटेवरून आवाज आला. "मला पारिजातकानंच गुण येतो."

कसला गुण? वर्षभर ती परसातल्या पारिजातकाची खरखरीत पानं तोडत होती, ठेचत होती, पाणी निम्मं होईपर्यंत उकळत होती. सायटिकेवर हा कडूजहर काढा रामबाण म्हणतात. शेजारपाजारचे तापासाठी पानं न्यायचे आणि बरे व्हायचे. बाबांची कळ मात्र कमरेपासून पोटरीपर्यंत तशीच. ताई लग्न करून सुटली. हिच्या वाट्याला खाट, पातेलं आणि गाळणी आली.

कपड्यांच्या कारखान्यात ती कापड बेतायची. मोठ्या शहरातल्या एका कारखान्यानं तिला कटिंग मास्तर म्हणून बोलावलं होतं. गेल्या वर्षीही बोलावलं होतं, पण बाबांच्या दुखण्यापायी ती राहिली. यंदा तिनं बॅग भरली होती. गाडी दुपारची. आणि नेमकं आज सकाळपासून बाबांचं कण्हणं वाढलं होतं.

ती तणतणत डॉक्टरांना आणायला बाहेर पडली. कोपऱ्यावर लक्षात आलं, फोन घरीच राहिला. मागच्या दारानं ती परसात शिरली आणि जागीच थबकली.

बाबा स्टुलावर उभे होते. तेही चवड्यांवर. जन्मभर शिड्यांवर चढून भिंती रंगवलेला माणूस एका हातानं वरची फांदी वाकवून दुसऱ्या हातानं पानं ओरबाडत होता. उरलीसुरली फुलं त्यांच्या खांद्यांवर सांडत होती.

"बाबा!"

ते सावकाश खाली उतरले. मान वर करेनात.

"कधीपासून बरे आहात?" तिचा आवाज फाटला. "मी इथं सडतेय, आणि मला बांधून ठेवायला तुम्ही नाटक करताय?"

"बांधून?" बाबा चमकले. "अगं, गेल्या वर्षीच कळ थांबली होती. तेच सांगायला तुझ्या खोलीशी आलो. तू फोनवर कारखान्याला सांगत होतीस, बाबांना सोडून येता येणार नाही. फोन ठेवलास आणि केवढा सुस्कारा सोडलास! जीव भांड्यात पडल्यासारखा. म्हटलं, पोरीला थांबायला कारण हवंय ना, मग असू दे माझी कंबर."

तो सुस्कारा तिला आठवत होता. चांगला आठवत होता.

"मग वर्षभर..."

"वर्षभर काढा प्यायलो. धडधाकट असताना. तोंडाची चव गेली बघ."

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. ती आत गेली. बॅगेची चेन लावली. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"भीती वाटतेय, बाबा."

"वाटू दे. पण तू निघ एकदाची," बाबा म्हणाले. "म्हणजे मलाही त्या खाटेवरून उठता येईल."