सात नंबरची ट्राम

ट्राम थांब्यावर उभी राहिली, दार उघडलं आणि बाईंचा पाय पायरीवर तसाच राहिला. चालकाच्या खुर्चीत त्यांची जुनी मैत्रीण कंपास बसली होती. अंगात निळा कोट, पिकलेले केस मागे घट्ट बांधलेले.

"चढ गं गोटे, लोक खोळंबलेत."

बाई चढल्या आणि पहिल्याच बाकावर टेकल्या. काल विमानतळावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आज सकाळी बाई उठून पाहतात तो टेबलावर चिठ्ठी : 'कामावर जाते. नऊ सोळाची सात नंबरची ट्राम पकड, घरासमोरच मिळते.' बाईंना वाटलं होतं, ट्राम आपल्याला तिच्या ऑफिसच्या दारात सोडेल.

वसतिगृहात तीन वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या. लांब पाय आणि भूमिती, म्हणून ती कंपास. बुटक्या आणि गोल, म्हणून ह्या गोटी. कंपास गणितात विद्यापीठात पहिली आली, परदेशी गेली, तिकडचीच झाली. 'वाहतूक खात्यात आहे' एवढंच तिनं कळवलं होतं. केबिन, शिपाई, दारावरची पितळी पाटी ही सगळी भर बाईंनी पदरची घातली होती. मुख्याध्यापिका होत्या त्या. दर बक्षीस समारंभात मुलींना सांगायच्या, "माझी मैत्रीण परदेशात मोठी अधिकारी आहे. गणित करा गं, गणित!"

आणि आता ही समोर बसून दांडा पुढेमागे करतेय. कीव येत होती की राग, त्यांचं त्यांनाच कळेना.

एक काठीवाले आजोबा चढले. ते नीट बसेपर्यंत गाडी हलली नाही. पुढच्या थांब्यावर एक बाई बाबागाडी ढकलत धावत आली. कंपासनं घड्याळाकडे पाहिलं आणि दार उघडं ठेवलं. उतरणारे जाताना काचेवर टिचकी मारून जात होते. ती कुणाला मान डोलवायची, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करायची.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. कंपासनं थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला.

"बोल आता. मघापासून मूग गिळून बसली आहेस."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! वाहतूक खात्यात आहे म्हटलं. अधिकारी तू केलंस मला."

बाईंना हसू फुटलं, पण त्यांनी ते दाबलं. "अगं, पण तुझं गणित?"

"सहा वर्षं शिकवलं इथल्या कॉलेजात. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा यायचा. मग एक दिवस ट्रामच्या दारावर जाहिरात वाचली, चालक हवेत. नवरा म्हणाला, डोकं फिरलंय तुझं." कंपासनं चहाचा घोट घेतला. "फिरलं नव्हतं गं. रुळावर आलं होतं."

बाईंनी आपला पेला बाकावर ठेवला.

"सव्वीस वर्षं झाली. आज जायला नको, असं एकदाही वाटलं नाही. तुला शाळेत वाटायचं कधी?"

दर सोमवारी वाटायचं. पण हे बाईंनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"वाटायचं," त्या म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. डंका! वसतिगृहातली तिसरी मैत्रीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून ते नाव. तिला सांगितलं की दुपारपर्यंत सगळ्या बॅचला कळणार. कंपासनं पडद्यावरचं नाव वाचलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिची नजर जरा बावरली.

"तुला काय सांगायचं ते सांग," असं म्हणून ती समोरची स्वच्छ काच पुसायला लागली.

"पोचलीस ना गं?" फोनमधून डंकाचा आवाज डबाभर घुमला. "काय थाट आहे आपल्या साहेबीणबाईंचा? इकडे सगळ्या कान टवकारून बसल्यात!"

बाईंनी कंपासच्या पाठीकडे पाहिलं. फडका एकाच जागी फिरत होता.

"साहेबीण कसली? ट्राम चालवते ती. चांगली तीन डब्यांची. आणि चालवते अशी, की पेल्यातलं पाणी हलणार नाही!"

पलीकडे डंका चक्क गप्प झाली.

"बरं, ठेवते आता," बाई म्हणाल्या. "निघायची वेळ झाली आमची."

कंपास खुर्चीत बसली. पुढे रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. तरी तिनं घंटा दोनदा वाजवली.