सातवं प्रकरण

सैबेरियातल्या सोव्हिएत छावणीत कागद मिळत नसे, म्हणून हंगेरियन लेखकानं आपली कादंबरी सोबतच्या कैद्यांकडून पाठ करून घेतली. सातवं प्रकरण डेझोकडे होतं.

तापानं फणफणलेल्या डेझोच्या तोंडाशी लेखक कान लावून बसला.

“माझ्या मुलीला एवढंच सांग...”

“आधी प्रकरण म्हण! तू गेलास तर तेही जाईल रे!”

डेझोनं ते शेवटच्या वाक्यापर्यंत म्हटलं. मग तो पुन्हा बोललाच नाही.

चाळीस वर्षांनी बुडापेस्टमध्ये पुस्तक निघालं. केस पिकलेल्या एका बाईनं लेखकाला गाठलं. “मी डेझोची मुलगी. बाबा शेवटी काय म्हणाले हो?”

लेखकानं सातवं प्रकरण उघडून दिलं. तिनं ते उभ्याउभ्याच वाचून काढलं.

“यात मी कुठे आहे?”