ओळी काढल्यावर

"मंग अडतंय कुठं त्ये?" परातीत भाकरी थापता थापता चांगदेवांनी विचारलं.

अश्विनी उंबऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पुण्याच्या कंपनीतला तिचा प्रोग्रॅम मधेच ठप्प व्हायचा. सुट्टीला लोणीला आली तरी ते काम सुटलं नव्हतं.

"समजा आण्णा, विहिरीवर दोघं आले. एकानं दोर धरला, दुसऱ्यानं बादली. हा म्हणतो आधी बादली दे, तो म्हणतो आधी दोर दे. सोडत कुणीच नाही."

"दोगंबी तहानलेलेच."

"हां. प्रोग्रॅममध्ये अशी कामं एकाच वेळी चालतात. ज्याला जे लागतं, ते तो कुलूप लावून धरून ठेवतो. कुणी कुठलं कुलूप धरलं, कधी सोडलं, ते कळावं म्हणून मी जागोजागी ओळी घातल्यात. प्रोग्रॅम चालताना नोंद लिहीत जातो. पण ओळी असल्या की अडकतच नाही. काढल्या की पुन्हा ठप्प."

चांगदेव हसले. "म्हंजी कुणी बघतंय म्हटलं की नीट वागतंय. लबाड हाय की!"

"लबाड नाही हो. नोंद लिहायला जरा वेळ जातो, म्हणून दुसरा विहिरीवर उशिरा पोचतो. तेवढ्यात पहिला पाणी काढून मोकळा होतो."

शेजारच्या सखूबाईनं कुंपणावरून डोकावलं. "धूर दिसला तवाच म्हटलं, लेक आली! बये, तू गेलीस की ही चूल पेटत न्हाई. तुजा बाप टपरीवरनं आणल्याल्या चहात पाव बुडवून झोपतोय."

"सखूबाई, तुला लई चौकशा!" तव्यावर टाकताना चांगदेवांच्या हातातली भाकरी दुमडली.

दुसऱ्या दिवशी एसटीत चढताना अश्विनी म्हणाली, "आण्णा, रोज दिवेलागणीला फोन करीन. काय शिजवलं ते सांगायचं."

"माज्यातबी तुज्या त्या नोंदीच्या वळी घालतीस व्हय?"

"हो."

संध्याकाळ झाली तसा फोन वाजला.

"काय केलं आज?"

"पिठलं-भाकरी. गरमागरम." चांगदेवांनी ओट्यावरचा चहाचा कप बाजूला सारला. "तुजं अडकलं न्हाई ना?"

"अजून नाही. ओळी आहेत तोवर चालतंय."

चुलीतल्या थंड राखेत मांजर मुटकुळं करून झोपलं होतं. त्याला जाग येऊ नये म्हणून चांगदेव अगदी हळू बोलत होते.