विषम नंबरांचा रविवार

“बंद करा! अहो, इंजिन बंद करा!” साफ्टा ओरडली.

गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला, पांतेलिमोनलाही, टोपी दिसली होती. वळणापलीकडे, धुक्यात, रस्त्याच्या मधोमध हवालदार उभा होता. पेट्रोल वाचावं म्हणून सरकारनं आम्हाला रविवार वाटून दिले होते. एक रविवार सम नंबरांच्या गाड्यांचा, पुढचा विषम नंबरांचा. आजचा विषमांचा होता आणि पांतेलिमोनच्या निळ्या गाडीचा नंबर सम. सापडला की नंबरपाटी जागच्या जागी जप्त.

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. किटल्यांवर किटल्या गरम पाणी ओतून, धक्के मारून आणि सरकारी कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ते सकाळी कसंबसं सुरू झालं होतं. तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की ही गाडी तासभर हूं की चूं करत नाही, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

“उतरा आणि ढकला,” तो पुटपुटला.

साफ्टा उतरली. तिचा भाऊ कोस्ताके उतरला. मागच्या सीटवर नवरीच्या पांढऱ्या झग्यात बसलेली पांतेलिमोनची मुलगी सांदाही उतरायला लागली, तसा कोस्ताके म्हणाला, “तू बस गं. तुम्हा दोघांना कशाला त्रास!”

साफ्टानं भावाला कोपर मारलं. पण तो खोटं बोलत नव्हता. उद्यापासून नाताळचा उपास लागणार होता. उपासात पाद्री लग्नं लावत नाहीत, मग थेट जानेवारी. सांदाच्या झग्याची शिवण काही जानेवारीपर्यंत दम धरणार नव्हती. दुपारी बाराच्या आत डोंगरापलीकडच्या चर्चमध्ये पोचायचं, नाहीतर गावभर शोभा. शेजारी घोडागाडी द्यायला तयार होता. पण पांतेलिमोनला मोठेपणा नडला. “सहा वर्षं वाट बघून गाडी मिळवली, ती काय कोंबड्यांना अंडी घालायला?” असं त्यानं चारचौघांत सुनावलं होतं.

हवालदार जवळ आला. त्याच्या गुडघ्यांना चिखल होता, हात काळे होते आणि तोंड आंबट.

“कॉम्रेड, आज रविवार कुणाचा?”

“विषमांचा, साहेब,” पांतेलिमोन खाली उतरून म्हणाला.

“आणि ही?”

“सम. पण आम्ही चालवतोय कुठं? ढकलतोय. ढकलायला बंदी आहे का?”

हवालदारानं बॉनेटवर हात ठेवला. “गरम आहे.”

“ताप आलाय तिला,” कोस्ताके म्हणाला. त्याला दुसरं कोपर बसलं.

हवालदार हसला नाही. “किल्ली फिरवा. सुरू झाली तर पाटी माझी. नाही झाली तर खुशाल ढकलत जा.”

पांतेलिमोनला हसू दाबावं लागलं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच त्याला आपल्या गाडीवर पूर्ण भरवसा वाटला. तो ऐटीत आत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

सुरू झाली. पहिल्याच झटक्यात. ना खोकली, ना धूर सोडला. दूध प्यालेल्या मांजरासारखी गुरगुरत राहिली.

“अहो, झाली!” साफ्टानं टाळ्या वाजवल्या, छातीवर क्रूस काढला, मग हवालदाराकडे बघून तोंडावर हात ठेवला. आत सांदा रडायला लागली.

पांतेलिमोननं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. एवढी वर्षं शिव्या खाऊन हिला शहाणपण सुचलं ते आज! त्याला गाडीचा राग आला, सरकारचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

“साहेब, पाटी घ्या,” तो म्हणाला. “गाडीही घ्या. मी स्वतः आणून देतो. पण बारापर्यंत पोरीला तेवढं चर्चला पोचवू द्या. नंतर लग्न लागणार नाही हो तिचं.”

हवालदाराचं पाटीकडे लक्षच नव्हतं. तो बॉनेटला कान लावून उभा होता.

“बंद करू नका,” तो म्हणाला. एकाएकी तो कॉम्रेडवरून काकांवर आला. “काका, तुमच्या पाया पडतो, बंद करू नका. ॲक्सिलरेटर दाबून धरा.”

आणि तो रस्त्याकडेच्या झुडपात पळाला. कुणालाच काही कळेना. तो परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोरखंड होता. कोस्ताकेनं जाऊन फांद्या बाजूला केल्या. आत एक गाडी उभी होती. त्याच कारखान्याची, तशीच निळी, बॉनेट उघडं टाकलेलं. मागच्या सीटवर पांढऱ्या खोक्यात केक होता. नंबर सम होता.

“सासूबाईंचा नामदिवस आहे, त्यांच्या नावाच्या संताचा सण,” हवालदार खाली मान घालून म्हणाला. “सकाळपासून कुणी ओढून नेईल म्हणून थांबलोय. टोपी दिसली की जो तो इंजिन बंद करतो, आणि मग एकाचीही परत सुरू होत नाही. टोपी काढून उभा राहिलो, तर कुणी थांबत नाही.”

पांतेलिमोनचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, तो हलवायची त्याची हिंमत नव्हती. सांदानं डोळे पुसले. हवालदारानं चिखलात गुडघे टेकून दोरखंडाची गाठ मारली, ओढून पाहिली, आणि खिडकीत वाकला.

“जपून न्या, काका. पुलाजवळ आमचे मोठे साहेब हात करतील. त्यांना बघून थांबायचं नाही. त्यांचीही बंद पडलीय, आणि पोरीला बारापर्यंत पोचायचंय.”