खिडकीतला सरदार

बेल दाबून दाबून बोट दुखलं, तरी बायको दार उघडेना. आत ती कादंबरीत गढली होती. शेवटी चिडलेले प्रभाकरपंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरायला गेले आणि पोटापाशी अडकले.

“अगं, ओढ मला!”

कालिंदीबाई पुस्तक घेऊनच धावत आल्या आणि हसतच सुटल्या. “अहो, हा सरदारही राजकन्येला चोरून भेटायला जाताना चिलखतासकट असाच खिडकीत अडकलाय!”

“असला थिल्लरपणा वाचतेस?” पंत कडाडले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, “राजकन्येनं काय केलं?”

बाई खिडकीशी स्टूल ओढून मोठ्यानं वाचू लागल्या.

तेवढ्यात शेजारचे दामले मदतीला धावले आणि बाहेरून पंतांचे पाय ओढू लागले.

“थांबा हो दामले!” पंत ओरडले. “राजकन्येचा बाप जिना चढतोय!”